खंडेनवमीच्या फोटोतली बंदूक

संपादक महोदय,

खंडेनवमीला शस्त्रपूजन झालं की पाटावरची बंदूक उचलून पोराच्या हातात द्यायची आणि फोटो टाकायचा, हे आता दरवर्षी दिसतं. मग लोक आईबापांवर तुटून पडतात, ते योग्यच. पण मुलीला नेमबाजीच्या रेंजवर रायफल शिकायला पाठवणाऱ्यांनाही तेच बोल ऐकावे लागतात. नेमबाजीतली २०१० ची विश्वविजेती तेजस्विनी सावंत, नेमबाज राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे यांच्या कोल्हापुरात तरी हा फरक कळायला हवा.

फोटो काढणारा म्हणतो, 'मॅगझिन काढलंय, रिकामी आहे.' इथंच घात होतो. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढली तरी एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, राहू शकते. उलट क्रमानं, म्हणजे आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून मग मॅगझिन काढलं, तर पहिली गोळी बाहेर पडते आणि दुसरी आपोआप आत जाते. म्हणून आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागं ओढून अडकवायची, चेंबर डोळ्यांनी बघायचं आणि बोटानं चाचपायचं. बारा बोअरची दुनळी असेल तर बिजागरीवर उघडून दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला पाहिजे. आणखी एक: लहान मुलाच्या एका बोटाला चाप जड जातो, म्हणून ते नळी स्वतःकडे वळवून दोन्ही अंगठ्यांनी दाबतं.

एअरगनला खेळणं समजणारेही पुष्कळ. ४.५ मिमीपर्यंतची, २० ज्यूलच्या आतली एअरगन परवान्याशिवाय मिळते, पण तिच्या छर्ऱ्यानं डोळा जातो. पत्र्यावर किंवा भिंतीवर मारलेला छर्रा उलटून येतो. नळी खाली वाकवून भरायच्या एअरगनमध्ये नळी खाली असताना चाप ओढला गेला, तर ती झटक्यानं वर येते आणि बोटं चिरडते. छर्रे शिशाचे, म्हणजे विषारी धातूचे असतात. पोरं ते तोंडात धरतात, तेही थांबवा.

रेंजवर यातलं काही नशिबावर सोडलेलं नसतं. चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग त्यात घातलेला असतो, नळी कायम टार्गेटकडे, हुकूम मिळेपर्यंत बोट चापाबाहेर. कुणी पुढं गेलं असेल तर मागं कुणी हत्याराला हातसुद्धा लावत नाही. सराव संपल्यावर हाताला शिसं लागलेलं असतं, म्हणून साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. कायद्यानं २१ वर्षांखालच्यांना बंदूक बाळगता येत नाही. १२ वर्षांपासून सवलत आहे ती नेमबाजीच्या प्रशिक्षणापुरती, देखरेखीखाली. घरातल्या फोटोला ती लागू नाही.

पूजा जरूर करा. हत्यार उघडं, चेंबर दिसेल असं पाटावर मांडा. काडतुसं पूजेला नकोतच. ती दुसऱ्या कपाटात, वेगळ्या कुलपात ठेवा. किल्ली परवानाधारकाच्या खिशात हवी, देवघराच्या खुंटीवर नव्हे. ती खुंटी घरातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते.

– काही नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर