प्रतिजैविकांचा प्रश्न चिठ्ठीपासून सुरू होतो

संपादक महोदय,

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचा विषय निघाला की ‘गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका’ असा उपदेश रुग्णाला हमखास ऐकवला जातो. उपदेश रास्तच आहे. पण खुद्द मुंबईत झालेले संशोधन पाहिले, तर आधी चिठ्ठी लिहिणाऱ्याला आणि मग ती चिठ्ठी हातात घेणाऱ्या माझ्यासारख्या औषधविक्रेत्याला जाब विचारावा लागेल.

डॉ. मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील शंभरएक खासगी डॉक्टरांना क्षयरोगावर काय द्याल असे विचारले होते. उत्तरादाखल ८० निरनिराळे औषधोपचार कागदावर उतरले. सुमारे वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तशीच पाहणी धारावीत केली. १०६ डॉक्टरांनी ६३ प्रकारच्या चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांपैकी बिनचूक अवघ्या सहा निघाल्या. कल होता तो जास्त औषधे जास्त काळ देण्याकडे, म्हणजे हयगय हे या चुकांचे एकमेव कारण नव्हे.

क्षयरोगात अशी चूक महागात पडते. फुप्फुसातील कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे जंतू मुळातच असतात; म्हणूनच आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल एकत्र सुरू करतात. उपचार लागू पडत नाही म्हणून त्यात एकेक औषध वाढवत गेले, तर प्रत्येक नव्या औषधाला पुरून उरणारे जंतू तेवढे शिल्लक राहतात. डॉ. उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस तपासलेल्या सर्व औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे आणले. त्यांपैकी तिघांना अठरा महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टरांनी अशीच एकेक औषधे, अनेकदा चुकीच्या मात्रेत, दिली होती. सरकारी पातळीवर मात्र त्या आजाराला काय म्हणावे यावरच आधी काथ्याकूट झाला. त्यानंतर मे २०१२ मध्ये क्षयरुग्णांची नोंद कळवणे खासगी डॉक्टरांवर बंधनकारक झाले, हे मान्य केले पाहिजे.

आता आमच्या दुकानांविषयी. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे विक्रीवर कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत, क्षयरोगावरील औषधांसह ४६ औषधे आहेत. त्यांच्या प्रत्येक विक्रीची डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग अशी नोंद वेगळ्या वहीत करून ती वही तीन वर्षे जपावी लागते. आमच्याकडे ती असते. निरीक्षक आले की रकाने भरले आहेत की नाहीत ते पाहतात. त्या रकान्यांतून काय दिसते, हे आजवर मला कोणी विचारलेले नाही. क्षयाच्या औषधांची मात्रा वजनावर ठरते, तरी येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांवर रुग्णाचे वजनच नसते. शिवाय, २०१९ च्या आकडेवारीवर आधारित आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशाच्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक म्हणजे अझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. ती या यादीत नाहीच. चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा तिलाही नाही, पण वहीत लिहावी लागत नसल्याने सर्दी-खोकल्यासाठी ‘तीन गोळ्यांचा पत्ता द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी अडवत नाही. मी नाही म्हटले, तर तो शेजारच्या दुकानात जातो.

डॉक्टरांचीही बाजू आहे. जंतुसंवर्धनाचा, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून तपासण्याच्या चाचणीचा, अहवाल हाती येईपर्यंत साध्या संसर्गातही दोन-तीन दिवस जातात, क्षयात कित्येक आठवडे. तोवर तापाने फणफणलेल्या मुलाच्या आईला काहीतरी लिहून द्यावेच लागते. अशा वेळी आपल्या भागात कोणते जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाहीत याचा तक्ता हाताशी असेल, तर अंदाज तरी नेमका होतो. केरळने २०१८ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंविरुद्ध स्वतःचा कृती आराखडा केला आणि असे राज्यपातळीवरील तक्ते प्रसिद्ध केले.

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने ‘एच-१’ वह्यांतील नोंदी दर तिमाहीला संगणकावर मागवाव्यात, अझिथ्रोमायसिनचा त्या यादीत समावेश व्हावा यासाठी केंद्राकडे आग्रह धरावा, आणि मुंबई महापालिकेने धारावीतील पाहणी पुन्हा करून तिचे निष्कर्ष डॉक्टरांची नावे न घेता जाहीर करावेत, अशी माझी विनंती आहे. पहिल्या सूचनेने आमचे काम वाढेल आणि आमच्यापैकी काही जणांची पंचाईतही होईल. तरीही ती मी विचारपूर्वक करत आहे.

– एक नोंदणीकृत औषधविक्रेता, ठाणे