टॅटिंग शिकवणाऱ्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते खपणार नाही.

क्रोशा येतो म्हणजे टॅटिंगही, म्हणजे दोऱ्याला गाठी घालत लेस करणंही, जमेल, अशा थाटात मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही सुई पिशवीत ठेवायला लावलीत आणि दोन्ही टोकांना निमुळतं असलेलं ते दोरा गुंडाळायचं इवलंसं शटल हातात दिलंत. वर दोन रंगांचे दोरे टोकाला एकत्र बांधलेत: लाल शटलवर, पांढरा डाव्या हाताच्या बोटांवर. ही युक्ती मी आता शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगते. लाल दोऱ्याने अर्धी गाठ घालायची, मग डाव्या हाताची बोटं सैल सोडून शटल ताणायचं. गाठ उलटते. आता वळसा असतो पांढऱ्याचा आणि लाल दोरा आतून सरळ जातो. अशा दोन अर्ध्या गाठी मिळून एक डबल स्टिच. बरोबर झालं की गाठी लाल दोऱ्यावर मण्यांसारख्या सरकतात; एक जरी उलटायची राहिली तरी तिथेच अडतात, आणि पुढे एका रंगात काम करताना रिंग, म्हणजे दोरा ओढून गाठींचं केलेलं कडं, मिटत नाही. एकाच रंगात शिकले असते तर कुठे अडलंय हेही कळलं नसतं.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. त्या सगळ्या दुपारी तुम्ही माझ्या हातातलं शटल एकदाही काढून घेतलं नाहीत. शिकवणाऱ्या बहुतेक बायका "दे इकडे, मी दाखवते" म्हणतात आणि अर्धा रुमाल स्वतःच करून देतात. तुम्ही शेंगा निवडत बसायचात आणि मान वर न करता म्हणायचात, "सैल सोड." बास. क्रोशाचा दोरा ओढला की सगळं सरसर उसवतं. टॅटिंगची गाठ मात्र टाचणीने एकेक करून सोडवावी लागते आणि मिटलेली रिंग उघडणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. त्यामुळे हात बोलायला लागण्याआधी घाई करायची नाही, हे न सांगता शिकले.

शेजारच्या रिंगेच्या पिकोतून, म्हणजे दोन गाठींमध्ये मोकळ्या सोडलेल्या छोट्या फासातून, दोरा ओढून घेत जोडत जायचं, हे मला फार जुनं वाटायचं. पण साधारण १८५० पर्यंत युरोपातल्या बायका रिंगा सुट्या करून सुई-दोऱ्याने एकमेकींना बांधत असत, हे वाचलं तेव्हा तुमचीच आठवण झाली. तुम्ही म्हणाला असतात, "मग डोळे जायचेच!"

गोल डॉयलीचं, म्हणजे लेसच्या छोट्या रुमालाचं, गणितही तुमचंच. बाहेरच्या फेरीत टाके कमी पडले तर रुमाल वाटीसारखा वर येतो, जास्त झाले तर कडेला झालर पडते. कागदावरचा नमुना काही म्हणो, प्रत्येक फेरीनंतर टेबलावर पसरून बघायचं. शेवटी धुऊन, ओल्यातच टाचण्यांनी ताणून, साबुदाण्याची पातळ खळ. बाजारच्या स्टार्चला तुम्ही अजून नाक मुरडता, आणि मी वाद घालत नाही.

भेट म्हणून द्यायचं तेव्हाची तुमची अट मात्र सुरुवातीला पटली नव्हती. रुखवतात मांडायला मागितलेल्या डॉयल्या तुम्ही दिल्यात, पण नवरीला बजावलंत, "काचेच्या फ्रेममध्ये घालायच्या नाहीत. यावर फुलदाणी ठेव, चहाचा डाग पडला तर पडू दे, धुऊन टाक." मला वाटायचं, इतक्या कष्टाचं काम, जपायला नको का? आता मीही हळदीकुंकवाच्या वाणात छोटे कोस्टर देते, तेव्हा हेच सांगते. आणि "विकणार का, केवढ्याला?" असं कुणी विचारलं की गप्प बसते. तासांचा हिशोब मांडला तर किंमत ऐकून समोरची उठून जाईल, आणि नाही मांडला तर मला राग येईल. द्यायचं असेल तर नुसतं द्यावं, या तुमच्या मताला मी उशिरा आले.

पुढच्या महिन्यात भाचीचं बारसं आहे. बाळाच्या टोपीला ४० नंबरच्या दोऱ्याची कड लावतेय, पण मानेपाशी वळणावर चेनमध्ये, म्हणजे दोन रिंगांमधल्या गाठींच्या कमानीत, किती टाके घ्यायचे ते ठरत नाहीये. रविवारी येते. चहा मी करीन, तुम्ही शेंगा निवडा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची