महाड एका दृश्यात मावत नाही

महोदय,

डॉ. आंबेडकरांचे आयुष्य पडद्यावर आणताना पटकथाकाराला पहिला मोह होतो तो महाडच्या दोन परिषदा एकत्र करण्याचा. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले २० मार्च १९२७ रोजी, मनुस्मृती जाळली गेली त्याच वर्षी २५ डिसेंबरला. दोन्ही एका दिवसात कोंबले, की मधले नऊ महिने गळतात आणि त्यांच्याबरोबर कारणही गळते. परिषदेला आलेले लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा, त्यांच्यावर हल्ला, मग तळ्याचे शुद्धीकरण, त्यानंतर कोर्टाचा मनाईहुकूम. डिसेंबरात जमलेल्या हजारो लोकांना सत्याग्रह तहकूब करायला सांगावे लागले. नेत्याची खरी कसोटी तिथे आहे. पण लेखक तो प्रसंग सहज गाळतात, कारण त्यात जयघोष नाही.

वयाचेही तसेच. महाडला बाबासाहेब ३५ वर्षांचे होते, नागपूरच्या दीक्षेवेळी ६५. नुसते केस पांढरे करून भागत नाही. चाल, श्वास, खुर्चीतून उठण्याची पद्धत बदलावी लागते, म्हणून उतारवयाची दृश्ये शक्यतो सलग चित्रित करावीत.

भाषणांतली टाळ्यांची वाक्ये वेचून एकापुढे एक जोडू नयेत. एकच मुद्दा घ्यावा आणि त्यावरचा विरोधकांचा आक्षेप तितक्याच ताकदीने मांडावा; विरोधक बाहुले झाला, की नायकही पुतळा होतो. शिवाय महाडचा शेवट तळ्याकाठी करू नये. तळ्याचा खटला उच्च न्यायालयात निकाली निघाला तो मार्च १९३७ मध्ये.

– एक वाचक, महाड