‘सौभद्र’च्या ऑर्गनवादक ताईंस

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पुण्यात झालेल्या आपल्या संस्थेच्या ‘संगीत सौभद्र’च्या प्रयोगाला मी माझ्या वडिलांना घेऊन आले होते. आपण रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत, प्रेक्षकांकडे पाठ करून बसला होता, त्यामुळे आमचे चेहरे आपल्या लक्षात असण्याचे कारण नाही. डावीकडे पहिल्या रांगेत, गळ्याभोवती मफलर गुंडाळून बसलेले वृद्ध गृहस्थ ते माझे वडील.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या उत्सवात दरवर्षी नाटक होत असे आणि त्यात बाबांनी कितीतरी वर्षे ‘सौभद्र’मधला कृष्ण केला. दिवसा ते शाळेत गणित शिकवत आणि रात्री पायपेटीवाल्या मास्तरांसमोर बसून पदे घोटत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण आवाज गेला. आता शेजारच्या माणसालाच कळेल एवढी कुजबुज उरली आहे आणि एरवी ते पाटीवर लिहून बोलतात.

त्या रविवारी कृष्णाचे ‘प्रिये पहा’ हे पद संपले, टाळ्या पडल्या आणि बाबांनी हात वर करून ‘वन्समोअर’ म्हटले. ते मला ऐकू आले, कारण मी त्यांच्या खांद्याला लागून बसले होते. त्यांच्या वतीने मी मोठ्याने ओरडायला हवे होते. मी ओरडले नाही, आणि याची खंत मला अजून आहे. टाळ्या ओसरत होत्या, कृष्णाने रुक्मिणीकडे वळून पुढच्या वाक्याला सुरुवातही केली होती. तेवढ्यात आपण मान वळवून मागे पाहिले. तो वर गेलेला, थरथरणारा हात आपल्याला दिसला, आपण बाबांकडे पाहून मान लववली आणि पुन्हा त्या पदाच्या देसकार रागाचे सूर धरले. त्या तरुण कृष्णाला काय चालले आहे ते कळायला दोन-चार क्षण लागले. तोवर आपण भाता थांबू दिला नाही, सूर हलू दिला नाही, तो आपल्या जागी परत येईपर्यंत त्याची वाट पाहिलीत. मग सबंध पद पुन्हा झाले, ते एका माणसासाठी झाले, आणि तो माणूस माझ्या शेजारी बसून ओठ हलवत ते पद म्हणत होता.

हे मला एवढे का लागले ते सांगायला हवे. मागल्या वर्षी दुसऱ्या एका संस्थेच्या, पुष्कळ गाजलेल्या संगीत नाटकाला आम्ही गेलो होतो. नेपथ्य डोळे दिपवणारे होते, पण साथ आधी ध्वनिमुद्रित केलेली होती. तिथेही बाबांनी हात वर केला, आणि मुद्रित तबला त्यांच्या हातावरून पुढे निघून गेला. मध्यंतरात मी व्यवस्थापकांना त्याविषयी विचारले, तेव्हा आता असे कोणी मागत नाही, हे उत्तर मिळाले. घरी परतताना बाबांनी पाटी पिशवीतून काढलीच नाही.

म्हणूनच आपल्या प्रयोगाविषयी जे कठोर लिहिले-बोलले जात आहे, ते वाचून मला स्वस्थ बसवत नाही. दोष मलाही दिसले. दुसऱ्या अंकात ध्वनिक्षेपक खरखरत होता, पडद्यावर प्रक्षेपित केलेला द्वारकेचा सूर्योदय अर्ध्यावर अडकला, घटोत्कचाच्या प्रवेशाला सोडलेल्या धुराने पुढच्या रांगा खोकत होत्या, आणि सुभद्रेची ताना घेताना दमछाक होत होती. बलरामाने राग दाखवण्यासाठी आवाज थोडा कमी चढवला असता तरी तो राग आमच्यापर्यंत पोचला असता. हे सारे खरे आहे.

परंतु पदांना कात्री लावली म्हणून नाटककार अण्णासाहेब किर्लोस्करांचा अपमान झाला, हा आक्षेप मला मुळीच मान्य नाही. 1882 साली स्वतः अण्णासाहेबांनी या नाटकाचे पहिले तीनच अंक रंगभूमीवर आणले होते आणि पूर्ण नाटक त्यानंतरच्या वर्षी झाले. शंभराहून अधिक पदांच्या या नाटकात साकी, दिंडी हे जुने पद्यप्रकार आहेत, कीर्तनातून आणि कर्नाटकी गाण्यातून आलेल्या चाली आहेत. पुढच्या पिढ्यांच्या गायक नटांनी त्यांतली कित्येक पदे रागदारीच्या अंगाने फुलवली आणि कित्येक गाळली. पहिल्या प्रयोगांतल्या भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा आणि पुढच्या पिढीतल्या बालगंधर्वांची सुभद्रा एकसारखी गात नव्हती. प्रत्येक पिढीने हे नाटक आपल्या गळ्याला आणि आपल्या रात्रीच्या लांबीला बेतून घेतले, म्हणून तर ते आजवर चालत आले. आपल्या मंडळींनी पंचविसेक पदे ठेवली आणि तीन तासांत नाटक बसवले, त्यात मला काही गैर वाटत नाही.

शिवाय या नाटकाचे मर्म त्यांना सापडले होते. देवादिकांची ही कथा अण्णासाहेबांनी मराठी घरात आणून बसवली. बहिणीचे लग्न आपल्या पसंतीने दुर्योधनाशी ठरवणारा थोरला भाऊ, हसत हसत त्याचा बेत उधळणारा धाकटा, मनातले कोणाला सांगता न येणारी मुलगी, संन्याशाच्या वेषात घरात राहिलेला प्रियकर. आपल्या प्रयोगात या प्रसंगांना सभागृह खळखळून हसत होते, त्यात माझ्या मागे बसलेली दहा-बारा वर्षांची मुलेही होती. ‘वद जाऊ कुणाला शरण’ म्हणताना सुभद्रेचा श्वास एकदा तुटला, तेव्हाही आपण सूर धरून तिला सावरले आणि तिची अडचण प्रेक्षकांपुढे उघडी पडू दिली नाही. निर्दोष गाणारी माणसे मी पुष्कळ ऐकली आहेत. दुबळा झालेला आवाज ऐकू येण्यासाठी जी सज्जनता लागते, ती मला फार थोड्यांत आढळली, आणि संगतकाराचे अर्धे काम तेच असते हे बाबा मला लहानपणापासून सांगत आले आहेत.

बाबांनी घरी आल्यावर पाटी मागितली आणि आपल्या कृष्णासाठी एक निरोप लिहिला, तो जसाच्या तसा कळवते: ‘दुसऱ्या वेळी पद अधिक चांगले झाले. श्वास “सरुनि येत”च्या आधी घ्यावा, म्हणजे “उषःकाल” तुटणार नाही.’ हे त्याला सांगाल ना? पुढच्या प्रयोगाची तारीख कळताच डावीकडच्या पहिल्या रांगेतली दोन तिकिटे काढण्याचे त्यांनी मला बजावले आहे.

आपली कृतज्ञ,
एक प्रेक्षक