चाचा, तुम्ही आधी हात बघितले

चाचा, सलाम.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही हे माहितेय मला. चष्मा सापडला तर मोबाईल सापडत नाही अन् दोन्ही सापडले तर हात ग्रीसनं भरलेले असतात. तुमच्या नातवाला टॅग केलंय, त्यानं दुकानात मोठ्यानं वाचून दाखवावं. मागच्या आठवड्यात येऊन तोंडी आभार मानायला लागलो तर तुम्ही 'चल, चहा पी गुमान' म्हणून विषयच उडवून लावला. इथं तुम्हाला मला गप बसवता येत नाही.

बाकीच्यांना थोडक्यात सांगतो. चाचा म्हणजे आमच्या परभणीतले मोटारसायकल मेकॅनिक. मी परभणीचा, जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणणाऱ्यांपैकी. आत्ता घरी आलोय, पण कामाला कॅनडात, थंडर बे शहराच्याही वर, एका तळ्याकाठच्या लॉजवर हिवाळ्याची राखणदारी अन् डागडुजी करतो. तळं गोठलं की पलीकडच्या रस्त्याला लागायला स्नोमोबाईल सोडून काही नाही. पुढं दोन स्की, मागं रबराचा रुंद पट्टा म्हणजे ट्रॅक, अन् पट्ट्याच्या वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं लांबलचक झाकण, त्याला टनेल म्हणतात. आपल्या मोटारसायकलचं मडगार्ड समजा, फक्त खाटेएवढं.

जानेवारीत सामान घेऊन परत येताना गाडी स्लशमध्ये घुसली. वरून दिसतो कोरडा भुसभुशीत बर्फ, पण त्याच्या वजनानं तळ्यावरचा गोठलेला थर खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं अन् वरचा बर्फ गोधडीसारखा पांघरलेला असल्यानं ते पाणी उणे वीसमध्येसुद्धा गोठत नाही, तिथंच लापशी होऊन बसतं. मी ॲक्सिलरेटर न सोडता कसाबसा बाहेर पडलो, लॉजवर आलो, गाडी लावली, खिचडी खाल्ली अन् झोपलो. स्वतःला लई शहाणा समजत झोपलो. सकाळी बघतो तर ट्रॅकनं वर फेकलेली ती सगळी लापशी टनेलमध्ये दगड होऊन बसलेली. पट्टा, चाकं, स्प्रिंगा, सगळं एकजीव. इंजिन चालू व्हायचं पण रेस दिली की ट्रॅक जागचा हलत नव्हता, नुसता क्लचचा बेल्ट जळाल्याचा वास.

आता जरा बोलतोच. मालक सुट्टीवर, फोन बंद. गावातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणे ट्रेलरवर घालून आणा, दोन आठवड्यांनी नंबर लागेल. अरे बाबा, ट्रेलर यायला रस्ता असता तर ही गाडी लागलीच कशाला असती. आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलं तर पन्नास हसरे चेहरे अन् 'परभणीकर, गारपीट झाली काय'. हसा. आमचा अन् बर्फाचा संबंध 2014 च्या गारपिटीपुरताच होता हे खरंय, तेव्हा काढायला आलेला गहू झोपला होता अन् तेव्हाही तुम्ही लोक फोटोच टाकत होता. मग पुण्याचा आमचा चुलतभाऊ, इंजिनिअर. तो म्हणला उकळतं पाणी ओत, पाच मिनिटांचं काम. ओतलं. पाणी वरून वितळवत खाली गेलं अन् खालच्या चाकांत जाऊन परत गोठलं. आधी ट्रॅक टनेलला चिकटलेला होता, आता जमिनीलाही चिकटला. भाऊ म्हणला मीटिंग आहे, नंतर बोलू. ते नंतर अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिथं सकाळचे साडेसात, अजून अंधार, पारा उणे सव्वीसला. मी पप्पांना फोन लावला, मदतीसाठी नाही, नुसतं रडगाणं गायला. इथं परभणीत संध्याकाळचे सहा वाजलेले, पप्पा तुमच्या दुकानात स्प्लेंडर न्यायला आलेले. त्यांनी फोन सरळ तुमच्या हातात दिला.

मी व्हिडिओ सुरू करून कॅमेरा गाडीकडं फिरवला अन् घाईघाईनं सांगायला लागलो. तुम्ही मधीच तोडलं. 'गाडी राहू दे बेटा. आधी हात दाखव.'

मला कळलंच नाही. तुम्ही परत म्हणलात, हात दाखव. दाखवले. बारीक बर्फ कोरायला जमत नाही म्हणून मी जाड हातमोजे काढून ठेवलेले, किती वेळ ते लक्षातच नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पांढरी पडलेली, मेणबत्तीच्या मेणासारखी. तुम्ही विचारलं, दुखतंय का? म्हणलो, नाही, काहीच नाही. तेव्हा तुम्ही तुमचा डावा हात कॅमेऱ्यासमोर धरला, चेन अन् गरारीत अर्धं गेलेलं ते बोट, लहानपणी आम्ही ज्याला घाबरायचो ते. 'हेपण दुखत नव्हतं,' तुम्ही म्हणलात. 'दुखत नाही म्हणजे आत जा. शेगडीवर धरू नको, काखेत धर. फोन बंद करू नको.'

चाचा, दोन दिवसांत मी आठ-दहा जणांशी बोललो असेन. सगळ्यांनी गाडीचं मॉडेल विचारलं. हात कोणी विचारले नाहीत. खरं सांगायचं तर मीही विचारले नव्हते.

मी आत काखेत हात घालून बसलो. बोटांत जीव परत यायला लागला तशी अशी ठणक लागली की डोळ्यात पाणी आलं अन् तुम्ही म्हणालात, हां, आता ठीक. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. पाच मिनिटात येतो म्हणून तुम्ही फोन ऑईलच्या डब्याला टेकवून गेलात, चालूच ठेवून. मला तुमच्या दुकानाचा पत्रा दिसत होता, खिळ्याला टांगलेल्या ट्यूबा, अन् बाहेरून कुणीतरी ओरडत होतं की माझी गाडी कधी देता. तेवढा वेळ मी परभणीतच होतो असं समजा.

बर्फ तुम्ही जन्मात बघितला नाही, फ्रीजरमधला सोडून. पण तुमचा पहिला प्रश्न होता, चिकटलं तेव्हा ओलं होतं का कोरडं? मग म्हणलात, ही तर आपली काळी माती आहे रे. पाऊस पडून चिखल पातळ असला तर वाहून जातो, वाळला तर ढेकूळ गळून पडतं, वाफसा यायच्या आधीची अर्धवट ओली असली की मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. लोक तिथं रेस देतात अन् क्लच जाळतात. अगदी हेच मी केलेलं. टनेलच्या आत इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या नळ्या आहेत, गाडी त्यांच्यावर उडणाऱ्या बर्फानंच थंड होते, एवढं मी सांगितलं अन् तुम्ही हसलात. 'म्हणजे रेडिएटर आतच आहे. मग सळई घालू नको, त्यालाच कामाला लाव.' मागून गाडी उचलून लाकडावर ठेवायची, उघड्यावर नुसती आयडलला सोडायची, तेवढ्यावर क्लच पकडत नाही. तापलेलं कूलंट पत्रा आतून गरम करील, मग वरून लाकडी हातोडीनं हलकं ठोकायचं. बाकीचं कसं काय केलं ते लिहीत बसत नाही, मेकॅनिकनं हसू नये. तासाभरानं आतून कड् आवाज आला अन् पाट्याएवढी लादी खाली पडली, तिच्यावर पत्र्याच्या रिबिटांचे ठसे उठलेले. तुम्ही तिकडून ओरडलात, 'निकला!' दुकानातली माणसंही ओरडली, त्यात पप्पापण.

नंतर तुम्ही दोनच गोष्टी सांगितल्या. गाडी लावायच्या आधी मागचं उचलून पट्टा मोकळा फिरव, मागं कोणी उभं नाही बघून, अन् उभी कर ती फळ्यांवर कर, बर्फावर नाही. तेव्हापासून एकदाही जाम झाली नाही. पैसे विचारले तर म्हणलात, किस बात के, मी हात तरी लावला का गाडीला?

आम्ही मराठवाड्याची माणसं पाण्यासाठी रडणारी. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते अख्ख्या देशानं बघितलं. तसल्या मुलखातल्या दुकानात बसून तुम्ही गोठलेल्या पाण्यातून मला सोडवलं, याचं मला राहून राहून हसू येतं. अन् कधी कधी नुसतं हसू येत नाही. त्या सकाळी अजून अर्धा तास मी तसाच कोरत बसलो असतो तर आज हे टाईप करताना दोन बोटं कमी असती बहुतेक.

येताना तुमच्यासाठी तिकडचे जाड मोजे आणले. आणताना डोकं वापरलं नाही, मे महिना, परभणीत बेचाळीस. सगळे हसले. तुम्ही मात्र ते उलटे-सुलटे करून बघितले, अर्ध्या बोटाच्या जागी रिकामं राहिलेलं टोक आत दुमडलं, अन् आत्ताच बंद केलेल्या बुलेटचा तापलेला सायलेन्सर दोन्ही हातांनी धरून खोलून काढला. म्हणलात, चांगले आहेत, अजून एक जोड आण, पोराला पण लागतील.

आणतो चाचा. नोव्हेंबरात परत जायलोय, त्याच्या आधी पोराच्या हाताचं माप पाठवा.