सुन्या, तू म्हणत होतास तेच झालं

सुन्या,

दोन महिने तुला साधा रिप्लाय नाही दिला, आणि आता लिहितोय तेही शिव्या खायलाच. तब्येत ठीक, पाठ अधूनमधून बोंबलते, सोड.

तर झालं असं, आपल्या डिस्कॉर्डच्या चॅट ग्रुपवर बॉटने घातलेला कचरा काढायला मी माझं ते जुनं टूल चालवलं. हो तेच, ज्याच्यावरून तू आठवडाभर बोलला नव्हतास. लेझीवालं, आधी सगळं गोळा न करता जसं येईल तसं उडवणारं. १०० मेसेज आणा, फिल्टरला लागले ते उडवा, पुढचं पान. आणि फिल्टरमध्ये एक 'नॉट' जास्तीचा राहिला, म्हणजे अटच उलटी. बॉट शाबूत, माणसं साफ! लॉगमध्ये स्वतःचंच नाव सरकताना दिसलं तेव्हा कंट्रोल-सी मारून थांबवलं, तोवर तीन पानं गेली होती. १४ दिवसांपेक्षा जुने मेसेज बल्कमध्ये जात नाहीत, एकेक काढावे लागतात, त्यात रेट लिमिट (ठरावीक वेळात ठरावीकच विनंत्या), म्हणून जुनं बहुतेक वाचलं. 'फार विनंत्या झाल्या' म्हणणारी ४२९ एरर बघून आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

तू म्हणायचास आधी सगळं गोळा कर, आकडा दाखव, मग विचार. बरोबर होतास, घे, लिहून देतो. पण अर्धाच हां. ४ लाख मेसेज म्हणजे एकही डिलीट व्हायच्या आधी सर्व्हरला ४ हजार कॉल, आणि ते सगळं मेमरीत धरून बसायचं. वर गोळा करताना जो १३ दिवसांचा होता तो पाळी येईपर्यंत १४ ओलांडतो, आणि असा एक जरी घुसला की अख्खी बॅच ४०० एरर ('विनंती चुकीची') खाऊन परत. हे सुचलं होतं का तुझ्या त्या आधी-सगळं-साठवणाऱ्या बफरला?

आता पूर्ण मेसेज नाही, फक्त त्यांचे आयडी (नंबर) साठवतो. ६४ बिटचा एक, लाखभर धरले तरी एक एमबीच्या आत. वेळ त्या आयडीतच असते, २२ बिट उजवीकडे सरकवले की १ जानेवारी २०१५ पासूनचे मिलिसेकंद, त्यामुळे वय बॅच पाठवताना परत तपासतो. आधी आकडा आणि दहा नमुने दिसतात, मी 'हो' टाइप केलं तरच पुढे. म्हणजे गोळा तुझ्या पद्धतीने, उडवणं माझ्या. भांडण मिटलं समज.

नवा जॉब कसाय? पोरगी चालायला लागली का, फोटो टाक.

आणि एक. त्या तीन पानांत तुझं मंगळवारचं ते लांबलचक पण होतं, बाबांबद्दलचं. दोनदा वाचलं होतं मी, काय लिहावं कळेना म्हणून राहिलं. डिलीट झालेलं परत येत नाही. तू ते आधी नोट्समध्ये वगैरे टाइप केलं होतंस का? असलं तर मला पाठव ना.

तुझा,
लेझी