एका ओचे दोन ओ

प्रिय मावशी,

मडगाव सोडून महिना झाला. आवराआवरीत तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानते. चारचौघांनाही कळावं म्हणून हे उघड पत्र.

साताऱ्याहून आले तेव्हा वाटायचं, कोकणी समजते म्हणजे येतेच. मी चुकले की बहुतेक जण लगेच मराठीत बोलायला लागायचे. तुम्ही कधीच नाही. एकदा तुमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसून मी 'चोर आयले' म्हटलं आणि नारळ खवता खवता तुम्ही थांबलात. "आयले बरोबर, पण चोर तू एकच आणलास!"

मला काही कळेना. मराठीत एक चोर, दोन चोर, फरक कसला? तुम्ही मला माझंच बोट हनुवटीखाली धरायला लावलंत. एक चोर म्हणताना ओठ आवळलेले, हनुवटी जागच्या जागी. पुष्कळ चोर म्हणताना जबडा खाली आला, बोट ढकललं गेलं; ओ पार 'बॉल'मधल्या ऑजवळ पोचला. मोराचंही तेच. 'देव' शब्दात तोच खेळ एचा: एक देव मिटका, अनेक देव उघडे. देवनागरीत मात्र दोन्हींना एकच मात्रा, त्यामुळे पुस्तकं वाचून मला हे जन्मात कळलं नसतं. रोमी, म्हणजे रोमन अक्षरांतली कोकणी लिहिताना काही जण मिटलेल्या स्वरावर टोपी (ô, ê) घालतात, तीही तुम्हीच दाखवलीत.

असं का, विचारलं तर तुम्ही माहेर काढलंत. मंगळूरला तुमच्या घरी अजून एकाला 'चोरु' म्हणतात, आणि अनेकांना 'चोर', शेवटचा अ पुरता उच्चारून. गोव्यात हे शेवटचे स्वर गळाले; पण उ जाता जाता आधीच्या ओला मिटवून गेला, आणि अ होता तिथे ओ उघडा राहिला. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तो उ माझ्याही घरचा! ज्ञानेश्वरी वाचताना आजोबा रोज 'गणेशु', 'निवृत्तिदासु' म्हणायचे. आमच्या बोलण्यातून तो कधीच गेला, मागे खूणही न ठेवता. तुमच्या तोंडात ती खूण अजून आहे, आणि ती तुम्ही माझ्या बोटाला लावून दाखवलीत.

देव बरें करूं, मावशी; तुमच्या कोकणीतच आभार. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणून पाहिलं. हनुवटी हलली नाही.

तुमची,
वरच्या मजल्यावरची